दिनांकाची नोंद : जंत्रीपासून स्प्रेडशीटमधील पॉप-अप कॅलेंडरपर्यंत
(वाशिम जिल्ह्यातील अभिलेखांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

इतिहासलेखनात स्थल, काल आणि व्यक्ती या तीन गोष्टींना मूलभूत महत्त्व आहे. त्यापैकी कालाचा निर्देश चुकला की कार्यकारणाची संपूर्ण मांडणीच कोसळते, हे इतिहासाच्या अभ्यासकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. गेल्या काही वर्षांत महाविद्यालयीन पातळीवरील संशोधन प्रकल्पांमध्ये जुन्या कागदपत्रांतील नोंदी संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेण्याचा प्रघात पडला आहे. नोंद घेणारा बहुधा पदवीचा विद्यार्थी असतो आणि दिनांकाचा रकाना हा त्याच्या दृष्टीने सर्वांत सोपा रकाना असतो. प्रत्यक्षात मात्र सर्वाधिक चुका याच रकान्यात होतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

या चुका टाळण्यासाठी रकान्यावर टिचकी मारताच उघडणारे लहानसे कॅलेंडर, म्हणजेच पॉप-अप कॅलेंडर, जोडण्याचा उपाय सर्वत्र सुचविला जातो. हा उपाय कितपत उपयुक्त आहे आणि इतिहासाच्या साधनांच्या बाबतीत त्याची मर्यादा कोठे सुरू होते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. त्यासाठी वाशिम परिसरातील कालगणनेचा पूर्वेतिहास, दिनांक-रूपांतरणाची जंत्रीची परंपरा, स्प्रेडशीटमधील दिनांकाची अंतर्गत रचना आणि जिल्ह्यातील अलीकडील अभिलेखांची नोंदणी या क्रमाने विवेचन केले आहे.

वाशिम परिसरातील कालनिर्देशाचे स्तर

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची ही राजधानी होती. या शाखेतील विंध्यशक्ती द्वितीय याचा १९३९ मध्ये उजेडात आलेला वाशिम ताम्रपट हा या प्रदेशाच्या इतिहासाचा पायाभूत पुरावा मानला जातो. या ताम्रपटावर शक, संवत किंवा अन्य कोणत्याही संवताचा उल्लेख नाही. राजाच्या कारकिर्दीचे ३७ वे वर्ष, हेमंत ऋतूचा पंधरवडा आणि त्यातील दिवस अशा पद्धतीने काल दिला आहे. ऋतू आणि पक्ष यांनी दिवस सांगण्याची ही पद्धत सातवाहनांच्या लेखांतही आढळते. याचा अर्थ असा की, या ताम्रपटाचा दिनांक आज कोणत्याही कॅलेंडरवर बोट ठेवून दाखविता येत नाही. चौथ्या शतकाचा उत्तरार्ध एवढेच अनुमान करता येते.

मध्ययुगात या प्रदेशावर वेगवेगळ्या सत्तांचा अंमल राहिला आणि प्रत्येक सत्तेबरोबर एकेक कालगणना येथे रुजली. फारसी कागदांत हिजरी सन येतो. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असून ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्यामुळे त्याचा ऋतूशी मेळ राहत नाही. महसुलाच्या कामासाठी ऋतूशी जुळणारे वर्ष आवश्यक होते. त्यातून शुहूर सन आणि फसली सन प्रचारात आले. मराठी दप्तरातील शुहूर सनाचे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले असता इसवी सन येतो. निजामाच्या महसुली दप्तरातील दक्षिणी फसलीचा फरक ५९० किंवा ५९१ वर्षांचा आहे. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले, ते साल फसली १२६३ च्या आरंभाचे होते.

यांच्या जोडीला शालिवाहन शक आणि तिथी ही लोकव्यवहारातील गणना अखंड चालू होती. इंग्रजी अंमलानंतर कचेऱ्यांत इसवी तारीख आली. बासीम हा स्वतंत्र जिल्हा १९०५ मध्ये मोडला गेला, तर आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. एकाच गावाचा दोनशे वर्षांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास किमान चार कालगणना आणि चार-पाच प्रशासकीय दप्तरे ओलांडावी लागतात, ही येथील अभ्यासकाची वस्तुस्थिती आहे.

जंत्री : दिनांक-रूपांतरणाचे साधन

या विविध गणनांचा मेळ घालण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जंत्री हे साधन सिद्ध झाले. बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री मराठी इतिहाससंशोधकांच्या पिढ्यांनी वापरली. रॉबर्ट सेवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे एल. डी. स्वामिकण्णू पिल्लै यांनी इ. स. ७०० ते १७९९ या काळाची विस्तृत कोष्टके तयार केली. तिथी, वार, नक्षत्र आणि इसवी तारीख एका ओळीत आणणे हे जंत्रीचे कार्य होय.

जंत्री वापरणारा अभ्यासक केवळ रूपांतर करीत नसे, तो दिनांकाची परीक्षाही करीत असे. तिथी आणि वार हे दोन स्वतंत्र पुरावे असल्यामुळे ते परस्परांशी जुळतात किंवा नाही, हे पाहता येते. उदाहरणार्थ, पानिपतच्या युद्धाचा दिवस शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार असा दिला जातो. पौष अष्टमी त्या वर्षी इसवी नववर्षानंतर येत असल्याने शकात ७९ मिळवावे लागतात आणि १४ जानेवारी १७६१ ही तारीख निष्पन्न होते. गणिताने त्या दिवशी बुधवारच येतो. शुहूर सनाप्रमाणे हे वर्ष ११६१ चे आहे आणि त्यात ६०० मिळविले असता १७६१ हेच साल येते. तीन स्वतंत्र मार्गांनी एकाच दिवसावर येणे यालाच इतिहासशास्त्रात दिनांकाची निश्चिती म्हणतात.

अहर्गण आणि स्प्रेडशीटमधील अनुक्रमांक

स्प्रेडशीटमध्ये दिसणारी तारीख ही केवळ वरवरचे रूप असते. आत साठविलेली असते ती एक संख्या. एका ठरावीक आरंभदिवसापासून किती दिवस लोटले, ते ही संख्या सांगते. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० म्हणजे १. त्या हिशेबाने १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे १७३९४ आणि वाशिम जिल्ह्याच्या निर्मितीचा १ जुलै १९९८ हा दिवस म्हणजे ३५९७७ होतो. दोन तारखांमधील अंतर वजाबाकीने मिळते ते याच कारणाने.

भारतीय ज्योतिषाशी परिचय असणाऱ्या वाचकास ही कल्पना नवी वाटणार नाही. आपल्याकडे तिला अहर्गण असे म्हणतात. कलियुगाच्या आरंभापासून लोटलेले दिवस मोजून ग्रहगणित करण्याची पद्धत सिद्धांतग्रंथांत आहे. गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये रचलेल्या ग्रहलाघवात अहर्गण फार मोठा होऊ नये म्हणून ११ वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे चक्र योजले. पंचांगकर्त्यांचे गणित त्यामुळे हलके झाले. युरोपात जोसेफ स्कॅलिजर याने १५८३ मध्ये दिवसगणनेची अशीच सलग पद्धत मांडली. आरंभदिवस कोणता घ्यावा, हा प्रश्न या सर्वांपुढे समान होता.

स्प्रेडशीटच्या निर्मात्यांनी केलेली आरंभदिवसाची निवड व्यापारी गरजेतून झाली. व्हिसीकॅल्क हे पहिले लोकप्रिय स्प्रेडशीट १९७९ मध्ये आले, लोटस १-२-३ हे १९८३ मध्ये बाजारात आले. लोटसने १९०० हे वर्ष लीप वर्ष धरले. वास्तविक ग्रेगोरियन नियमानुसार शतकवर्षास ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष ठरते, म्हणून २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस कधी झालाच नाही. लोटसच्या फायली चालाव्यात या हेतूने एक्सेलनेही ही चूक तशीच ठेवली. परिणामी एक्सेलमध्ये ६० हा क्रमांक त्या न झालेल्या दिवसाचा आहे आणि त्याआधीच्या दिवसांचे वार एकाने चुकतात. १ जानेवारी १९०० रोजी सोमवार होता, एक्सेल रविवार सांगते. मॅकिन्टॉशवरील एक्सेलने दीर्घकाळ १ जानेवारी १९०४ हा आरंभ धरला. त्यामुळे दोन पद्धतींच्या फायली एकत्र करताना तारखांत १४६२ दिवसांचा फरक पडू शकतो.

इतिहासाच्या दृष्टीने याहून गंभीर बाब अशी की, एक्सेलला १९०० पूर्वीचा दिनांक ओळखताच येत नाही. असा दिनांक टंकित केल्यास तो केवळ मजकूर म्हणून साठविला जातो. लिब्रेऑफिससारख्या प्रणालीत आरंभापूर्वीचे दिवस ऋण संख्येने दाखविण्याची सोय आहे. आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयांत मात्र एक्सेलच वापरात आहे.

पॉप-अप कॅलेंडरची सोय

रकान्यात तारीख हाताने टंकित करताना प्रामुख्याने तीन प्रकारच्या चुका होतात. पहिली, दिवस आणि महिना यांची अदलाबदल. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकन असल्यास १२/९/१९६७ हा १२ सप्टेंबर न राहता ९ डिसेंबर होतो. १३/१०/१९६७ मात्र स्वीकारला जात नाही, कारण तेरावा महिना नाही. तो मजकूर म्हणून डावीकडे सरकून बसतो. दुसरी चूक दोन अंकी वर्षाची. बराच काळ रूढ असलेल्या मांडणीनुसार ०० ते २९ हे अंक एकविसाव्या आणि ३० ते ९९ हे विसाव्या शतकातील धरले जातात. ही सीमा संगणकाच्या मांडणीत बदलता येते, परंतु ती बदलावी लागते हेच बहुतेकांना ठाऊक नसते. तिसरी चूक टिंब, आडवी रेघ, देवनागरी अंक अशा मिश्र लेखनाची.

पॉप-अप कॅलेंडर या तिन्ही चुकांना आळा घालते. दिवस टिचकीने निवडल्यामुळे अदलाबदलीचा प्रश्न उरत नाही आणि रकान्यात खरा दिनांक साठविला जातो. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत यासाठी कॅलेंडर कंट्रोल उपलब्ध होते, ते २०१० च्या आवृत्तीपासून काढून टाकण्यात आले. डेव्हलपर टॅबमधील इन्सर्ट, मोअर कंट्रोल्स या मार्गाने डेट अँड टाइम पिकर हे कंट्रोल घेऊन त्याच्या लिंक्डसेल या गुणधर्मात रकान्याचा पत्ता दिला असता ते रकान्याशी जोडले जाते. ते ३२ बिट आवृत्तीतच चालते, ही त्याची अडचण आहे. गुगल शीट्समध्ये डेटा व्हॅलिडेशनमधून वैध दिनांकाची अट घातल्यास रकान्यावर दोनदा टिचकी मारताच कॅलेंडर उघडते. तेथे कोणताही प्रोग्रॅम लिहावा लागत नाही.

जिल्ह्यातील अभिलेख आणि मानीव दिनांक

दिनांकाच्या चुकीची किंमत काय असते, याचे उदाहरण आपल्याच परिसरातील आहे. जात वैधता प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रात मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक होत. वाशिम जिल्ह्यात बंजारा समाजाची वस्ती मोठी असून मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे या समाजाचे श्रद्धास्थान आहे. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थ्यांचे प्रवेश आणि शिष्यवृत्ती आजोबांच्या दाखल-खारीज रजिस्टरमधील किंवा कोतवाल बुकातील एका ओळीवर अवलंबून असते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुन्या रजिस्टरांचे महत्त्व गावोगावी लोकांच्या लक्षात आले.

प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांच्या मदतीने एका जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधील नोंदी स्प्रेडशीटमध्ये घेण्याचे काम केले. पहिल्या फेरीनंतर दिनांकानुसार क्रम लावला असता १८९८ मध्ये जन्मलेली मुले यादीच्या तळाशी गेली, कारण त्यांचे दिनांक मजकूर ठरले होते. ‘२९’ असे वर्ष लिहिलेला एक विद्यार्थी २०२९ मध्ये जन्मलेला दिसू लागला. या चुका हास्यास्पद असल्यामुळे लगेच लक्षात आल्या. लक्षात न येणाऱ्या चुका अधिक घातक होत्या. १२ सप्टेंबर १९६७ ची नोंद ९ डिसेंबर १९६७ झाली की ती मानीव दिनांकानंतरची ठरते. ११ डिसेंबर १९६१ ची नोंद १२ नोव्हेंबर १९६१ झाली की ती मानीव दिनांकापूर्वीची ठरते. पहिल्या प्रकारात एका कुटुंबाचा खरा पुरावा यादीतून निसटतो. दुसऱ्या प्रकारात त्याच्या हाती खोटी आशा दिली जाते. मूळ रजिस्टर शाबूत असेपर्यंत या चुका दुरुस्त होऊ शकतात. परंतु कागद जीर्ण होत आहे आणि उद्या स्प्रेडशीट हेच साधन उरणार आहे.

दुसऱ्या फेरीत पॉप-अप कॅलेंडर जोडले. दिवस-महिन्याची अदलाबदल थांबली. मात्र एक नवी अडचण पुढे आली. कॅलेंडर उघडते ते चालू महिन्यावर. तेथून १९३० पर्यंत महिना-महिना मागे जायचे म्हटल्यास बाण हजाराहून अधिक वेळा दाबावा लागतो. कंटाळलेला विद्यार्थी जवळच्या वर्षी थांबण्याचा संभव असतो. शिवाय मूळ नोंदीत फक्त वर्ष असेल, तर कॅलेंडर दिवस निवडल्याखेरीज पुढे जाऊ देत नाही. अशा वेळी विद्यार्थी १ तारीख निवडून मोकळा होतो. आपल्याकडे शाळाप्रवेशाच्या वेळी जन्मतारीख माहीत नसलेल्या मुलांना गुरुजींनी १ जून किंवा १ जुलै ही तारीख लावून दिल्याचे सर्वांना परिचित आहे. त्या अंदाजाला आज आपण संगणकाच्या साह्याने दुसऱ्यांदा जन्म देत आहोत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

जुन्या दिनांकांच्या बाबतीत कॅलेंडरची मर्यादा

मध्ययुगीन साधनांच्या बाबतीत अडचण अधिक मूलगामी आहे. आपल्या जिल्ह्यातील कारंजा ही बाजारपेठ छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७० च्या अखेरीस लुटली. त्याच मोहिमेत ३ ऑक्टोबर १६७० रोजी दुसरी सुरत लूट झाली होती. ही तारीख इंग्रजांच्या जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. इंग्लंडने ग्रेगोरियन पद्धत १७५२ मध्ये स्वीकारली. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर मानण्यात आला. गोव्यातील पोर्तुगीज मात्र सोळाव्या शतकापासूनच नवी पद्धत वापरीत होते. म्हणून एकाच घटनेच्या इंग्रजी आणि पोर्तुगीज कागदांत सतराव्या शतकात १० दिवसांचा फरक पडतो. सुरतेच्या लुटीचा तो दिवस सोमवार होता, तर ग्रेगोरियन गणिताने चालणारे कॅलेंडर ३ ऑक्टोबर १६७० समोर शुक्रवार दाखविते.

शिवजन्माच्या तिथीबाबतही असेच म्हणता येईल. जेधे शकावलीनुसार शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार हा दिवस येतो. त्याची ज्युलियन तारीख १९ फेब्रुवारी १६३० असून महाराष्ट्र शासनाने तीच स्वीकारली आहे. ग्रेगोरियन पद्धतीने हा दिवस १ मार्च १६३० चा होतो. एखाद्या विद्यार्थ्याने संगणकावरील कॅलेंडरमध्ये १९ फेब्रुवारी १६३० पाहिल्यास त्याला मंगळवार दिसेल आणि शकावलीच चुकली, असा त्याचा समज होईल. राज्याभिषेकाच्या ६ जून १६७४ या तारखेसही हाच न्याय लागू आहे. त्या दिवशी शनिवार होता, कॅलेंडर बुधवार सांगेल. येथे शकावली आणि यंत्र दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणती पद्धत वापरली, याची नोंद रकान्यात नाही, एवढाच दोष आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रणालीतील दिनांक-निवडीचे साधन १ जानेवारी १७५३ च्या मागे जातच नाही. ही सीमा १७५२ च्या इंग्रजी बदलाला लागूनच आहे.

उपाययोजना

वरील विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी पुढील पद्धत सुचवावीशी वाटते.

१. मूळ कागदावर दिनांक जसा आहे तसाच एका रकान्यात मजकूर म्हणून उतरवावा. तिथी, फसली सन, खाडाखोड काहीही वगळू नये.
२. कालगणनेचा प्रकार (शक, शुहूर, फसली, हिजरी, ज्युलियन, ग्रेगोरियन) स्वतंत्र रकान्यात द्यावा.
३. दिवस, महिना आणि वर्ष यांसाठी तीन वेगळे रकाने ठेवावेत. वर्ष चार अंकी असावे. माहिती नसलेला रकाना रिकामा राहू द्यावा.
४. १९०० नंतरच्या पूर्ण दिनांकांसाठीच पॉप-अप कॅलेंडर जोडावे आणि डेटा व्हॅलिडेशनने रजिस्टरच्या काळाची वरची व खालची मर्यादा घालावी.
५. मूळ नोंदीत वार असल्यास तो उतरवून कॅलेंडरच्या वाराशी ताडून पाहावा. १७५२ पूर्वीच्या इंग्रजी तारखांना ही कसोटी रूपांतरानंतरच लावावी.

निष्कर्ष

दिनांकाचा रकाना हा तांत्रिक वाटला तरी तो मूलतः साधनचिकित्सेचा विषय आहे. पॉप-अप कॅलेंडर विसाव्या शतकातील नोंदींसाठी निश्चितच उपकारक आहे आणि ते जोडण्यास कोणत्याही विशेष ज्ञानाची आवश्यकता नाही. परंतु ते एकाच कालगणनेचे आणि पूर्ण दिनांकाचेच साधन आहे. जंत्री अभ्यासकाला तिथी आणि वार ताडून पाहावयास लावीत असे. कॅलेंडर तसे करीत नाही, म्हणून ते काम अध्यापकानेच विद्यार्थ्याकडून करून घेतले पाहिजे. संगणकाने ओळखलेल्या प्रत्येक दिनांकाला सत्य मानण्याची सवय केवळ आपल्याकडे आहे असे नाही. एक्सेल काही जनुकांच्या संक्षिप्त नावांचे तारखांत रूपांतर करीत असल्यामुळे २०२० मध्ये जनुकांच्या नामकरणाची जागतिक समितीही ती नावे बदलण्यास प्रवृत्त झाली.

जीवशास्त्रज्ञांना नावे बदलता आली. आपल्याला आजोबांच्या दाखल्यावरील तारीख बदलता येणार नाही. ती जशी आहे तशी पुढील पिढीच्या हाती देणे, हेच आपल्या जिल्ह्यातील इतिहासाच्या अध्यापकांचे आजचे प्रथम कर्तव्य ठरते.